सध्या कोणती तबकडी लावता?

दोन वाचनप्रेमी भेटले म्हणजे "सध्या काय वाचता?" हा प्रश्न जसा सहज निघतो, तसाच जाझ संगीताच्या दोन शोकिनांमध्ये "सध्या कोणती तबकडी लावता?" हा प्रश्न निघतो. वरवर पाहता ही केवळ क्षेमकुशलाची चौकशी वाटेल. परंतु उत्तर देणारा तबकडीचे नाव सांगून थांबत नाही. ती कोणत्या साली भरली, ट्रंपेट कोणाचा, पियानोवर कोण, ड्रम कोणाच्या हाती, हेही तो सांगतो. आणि ऐकणाऱ्यास त्यात चूक आढळली, तर ती तेथल्या तेथे दुरुस्त होते. रिकामपणाच्या वाटणाऱ्या या गप्पांतून एक शास्त्र कसे जन्मास आले, आणि आपल्याकडे त्या पुरेशा न झाल्यामुळे आपले काय हरवले, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

हैदराबादेच्या जामबागेत बसून हा विषय काढणे कोणास चमत्कारिक वाटेल. येथे १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी आहे. निजामी अमदानीत मराठी शिक्षणाचा दिवा तिने तेवत ठेवला. येथल्या मराठी घरांचे संगीत म्हणजे नाट्यपदे, भजने आणि ख्याल. तेथे जाझचा संबंध काय? संबंध आहे तो यंत्राचा. ज्या ग्रामोफोनने बालगंधर्वांचा स्वर दिवाणखान्यात आणला, त्यानेच लुई आर्मस्ट्राँगचा ट्रंपेट जगभर नेला. आपल्याकडील एखादी जुनी तबकडी हाती घेऊन मधला गोल कागद वाचून पाहा. गायकाचे नाव असते, पदाचे पहिले शब्द असतात, कधी रागाचे नावही असते. तबला कोणी वाजविला, ऑर्गनवर कोण होते, हे बहुधा नसते. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे भरले गेले, त्या काळी गायक गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव उच्चारीत. कारण तबकड्या जर्मनीत तयार व्हावयाच्या आणि तेथील कारागिरांस गाणारे कोण हे कळावे. गायकास निदान एवढी सोय होती. साथीदारास तीही नव्हती.

जाझच्या तबकड्यांची स्थितीही आरंभी निराळी नव्हती. पहिली जाझ तबकडी म्हणून जी ओळखली जाते, ती १९१७ साली अमेरिकेत निघाली. पुढील दहा-पंधरा वर्षांत हजारो तबकड्या निघाल्या. पण कागदावर पुष्कळदा केवळ मेळ्याचे नाव असे. मग हे वादक कोण? हा प्रश्न विद्यापीठांनी विचारला नाही, कंपन्यांनीही विचारला नाही. तो विचारला शोकिनांनी. १९३२ साली फ्रान्समध्ये 'हॉट क्लब' निघाला, त्यापाठोपाठ इंग्लंडात 'रिदम क्लब' निघाले. तेथे मंडळी जमत, एकमेकांच्या तबकड्या ऐकत आणि कोणता सूर कोणाचा यावर वाद घालीत. या वादांचे फळ म्हणजे पॅरिसच्या शार्ल दलोने यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेला 'हॉट डिस्कोग्राफी' हा ग्रंथ. कोणती तबकडी केव्हा भरली, तीत कोण कोण वाजवीत होते, याची ती शिस्तवार नोंद होय. ग्रंथसूची असते तशी ध्वनिमुद्रिकांची सूची! ज्यांस कोणी इतिहासकार म्हणत नव्हते, अशा हौशी माणसांनी ती घडविली.

आता आपल्या दाराशी येऊ. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णी वादकांचा मेळा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ आले. त्यांनी १९३६ साली 'ताजमहाल' याच नावाची एक रचना तबकडीवर भरली. पियानोवादक टेडी वेदरफर्ड तर पूर्वेकडेच रमले आणि १९४५ साली कलकत्त्यास पटकीने निवर्तले. त्यांचे वादन लक्षपूर्वक ऐकणाऱ्यांत गोव्याची तरुण मुले होती. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली ही मुले कामधंद्यासाठी मुंबईस येत. अल्दोण्याचे आंतोनियु शाव्हियेर वाझ हे त्यांतले एक. 'चिक चॉकलेट' या नावाने ते प्रसिद्धीस आले आणि लोक त्यांस हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

रात्री हॉटेलात वाजविणारी ही मंडळी दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत जात. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी या वादकांचे मोल ओळखले. भगवान पालव यांच्या 'अलबेला' (१९५१) चित्रपटातील नाचती गाणी आजही मराठी माणसाच्या ओठांवर आहेत. त्या चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या मेळ्यासह पडद्यावरही दिसतात. जाझ आपल्याला परके आहे असे म्हणणाऱ्याने 'अलबेला' पुन्हा पाहावा. ज्याला तो परका समजतो, त्यावर त्याच्या आजोबांनी ठेका धरलेला आहे.

परंतु पडद्यावर दिसण्याचे भाग्य फार थोड्यांचे. चित्रपटगीताच्या तबकडीवर चित्रपटाचे, गायकाचे व संगीतकाराचे नाव असे. ज्याने वाद्यवृंदाची मांडणी केली किंवा अंतऱ्यापूर्वीचा तो सॅक्सोफोन वाजविला, त्याचे नसे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे मोठे व्हायोलिनवादक व संयोजक. त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते १९७७ साली, तेही एका विनोदी गाण्यातून. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी वाहिलेली ती गुरुदक्षिणा होती. शिष्य कृतज्ञ निघाला म्हणून एक नाव उरले. बाकीच्यांचे काय?

येथेच शोकिनांच्या त्या प्रश्नाची किंमत कळते. १९५५ पासून 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कोनोव्हर जाझचा कार्यक्रम सादर करीत. ते सावकाश, स्पष्ट बोलत आणि वादकांची नावे सांगत. लघुलहरींवर खरखरत येणारी ती नावे देशोदेशींचे श्रोते टिपून ठेवीत. मुंबईत निरंजन झवेरी आणि त्यांच्या स्नेह्यांनी जाझसाठी आयुष्य वेचले. १९७८ साली तेथे 'जाझ यात्रा' भरली आणि सनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक तीत वाजवून गेला. आपल्या जुन्या तबकड्यांसाठी १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली. डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांचे सहकारी यांनी श्रवणसभा भरविल्या, 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालविले आणि सूच्या तयार केल्या. हे काम दलोने यांच्याच जातीचे होय. फक्त ते आपल्याकडे अर्धशतक उशिरा सुरू झाले, आणि मधल्या काळात सांगणारी बरीच माणसे निघून गेली.

जाझ आणि ख्याल यांत एक नाते आहे, तेही येथे सांगितले पाहिजे. बंदिश ठरलेली, आवर्तन ठरलेले, पण त्यात भरावयाचे ते गायकाने त्या क्षणी. जाझवादकही ठरलेली चाल एकदा वाजवितो आणि मग तिच्या बारा किंवा बत्तीस मात्राखंडांच्या आवर्तनात स्वतःची उपज मांडतो. जॉन कोल्ट्रेन यांनी १९६१ साली 'इंडिया' नावाची रचना वाजविली, ती या ओढीतूनच. जेथे क्षणाचे महत्त्व एवढे, तेथे त्या क्षणी हजर कोण होते, याचे महत्त्व कमी कसे मानावे?

१९७७ साली दोन 'व्हॉयेजर' याने अवकाशात गेली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. मानवजातीने विश्वाला दिलेले ते उत्तरच म्हणा ना, 'आम्ही सध्या हे ऐकतो!' तीत लुई आर्मस्ट्राँग यांची १९२७ सालची 'मेलँकली ब्लूज' आहे, आणि गोव्यातील केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. ही भैरवी सुचविली रॉबर्ट ब्राऊन या संगीताभ्यासकाने. ती तबकडी बाजारात मिळेनाशी झाली होती, म्हणून न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानातून प्रती शोधून काढाव्या लागल्या. एका रसिकाने दुसऱ्यास "ही ऐकाच" असे म्हटले, म्हणून केसरबाईंचा स्वर सूर्यमालेपलीकडे गेला. १९७७ च्याच सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या.

आर्मस्ट्राँगच्या त्या तबकडीत क्लॅरिनेट जॉनी डॉड्सचे, ट्यूबा पीट ब्रिग्जचा, हे कोणताही जाझप्रेमी चटकन सांगेल. केसरबाईंच्या साथीला कोण होते, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? यानावरच्या यादीत ती नावे नाहीत. आज आपली जुनी तबकडी लावून कोणी आपल्यास ऐकविली, तर वाहवा अवश्य करावी, पण त्यापाठोपाठ एक साधा प्रश्नही विचारावा, "तबल्यावर कोण आहे?"