कूळ आणि कुरण

आमच्या मामांकडे पोस्टाच्या तिकिटांची एक वही होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेलो की दुपारभर ती चाळणे हा माझा उद्योग असे. तिच्यात हिंदुस्थानच्या पानावर एक आण्याचे एक तिकीट होते. व्हिक्टोरिया राणीचा तोच मुखवटा, तीच लाल शाई. पण त्यावर काळ्या अक्षरांत ‘ब्रिटिश सोमालीलँड’ असे उमटवलेले. मामा म्हणायचे, छापखान्यातली गफलत असेल. पुढे इतिहास शिकवायला लागल्यावर कळले, की गफलत वगैरे काही नव्हती. आफ्रिकेच्या शिंगावरच्या त्या मुलखासाठी १९०३ साली वेगळी तिकिटे लागली, तेव्हा हिंदुस्थानच्याच तिकिटांवर नाव ठोकून काम भागवले गेले. तिथे चलनही आपलाच रुपया होता, आणि तो १९४१ पर्यंत चालला.

याचे कारण एडन. १८३९ साली इंग्रजांनी ते बंदर घेतले आणि मुंबई इलाख्याला जोडले. समोरच्या सोमाली किनाऱ्याचा कारभारही १८९८ पर्यंत एडनमार्फत हिंदुस्थान सरकारच पाहत होते. म्हणजे आमचे बेळगाव आणि तिकडचे बर्बेरा काही वर्षे मुंबई सरकारच्याच दप्तरात नांदली. या ओळखीच्या धाग्यावरून मी तिथल्या लोकांविषयी मिळेल ते वाचत गेलो, आणि त्यातही इसाक नावाच्या कुळाने मला धरून ठेवले. का, ते पुढे येईलच.

इसाक म्हणजे आपण ‘टोळी’ म्हणतो तसले काही नव्हे. एका पुरुषापासून निघालेल्या, लाखोंच्या संख्येने पसरलेल्या भाऊबंदांचे ते नाव आहे. परंपरा सांगते, की शेख इसाक बिन अहमद हा सत्पुरुष अरबस्तानातून समुद्र ओलांडून आला आणि मेय्ध या किनाऱ्यावरच्या गावी राहिला. त्याची कबर तिथे आजही दाखवतात. परंपरा किती खरी, यावर विद्वानांचा वाद आहे. तो असू दे. आपल्याकडच्या किती घराण्यांची मुळे उदेपूरला जाऊन पोचतात आणि त्यातली किती कागदावर टिकतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

या कुळाच्या मोठ्या शाखा म्हणजे हब्र अवल, हब्र जेलो, गरहाजिस आणि अरप. ‘हब्र’ म्हणजे म्हातारी, आई. वंश बापाकडून मोजायचा. पण मोठ्या शाखांना नाव मात्र आईचे, कारण एका बापाची मुले आपापल्या आईच्या घरावरून विभागली गेली. सवतींची घरे तीनचार पिढ्यांत विसरली जातात. इथे ती शतकानुशतके नावात टिकून आहेत.

आमच्या भागात हेळवी येत असत. बैलावर बसून दारात यायचे, चोपडी उघडायची आणि पणजोबांच्या पणजोबांपर्यंत नावे वाचून दाखवायची, धान्य घ्यायचे आणि पुढच्या दाराला जायचे. सोमाली मुलाला हेळवी लागत नाही. बापाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, असे वर वर चढत मूळ पुरुषापर्यंत तो स्वतःच पाठ म्हणतो. याला ते ‘अबतिरसी’ म्हणतात. अनोळखी माणूस भेटला की गाव विचारण्याआधी कूळ विचारायचे, म्हणजे आपल्या खेड्यातले ‘कुणाचा रे तू?’ हेच. दोघांच्या ओळी वर जिथे मिळतात, तिथे नाते ठरते आणि कुणी कुणाच्या बाजूने उभे राहायचे तेही.

हे पाठांतर हौसेचे नाही. माणूस मारला गेला तर मारणाऱ्याच्या भाऊबंदांनी मेलेल्याच्या भाऊबंदांना शंभर उंट द्यायचे, स्त्री असेल तर पन्नास. या भरपाईला ‘मग’ म्हणतात. एकट्याच्या आवाक्यातला हा दंड नव्हे. तो शेकडो पुरुषांच्या गटाने वाटून भरायचा आणि मिळाला तर वाटून घ्यायचा. राजा नाही, कोतवाल नाही, तुरुंग नाही, अशा रानात माणसाच्या जिवाला राखण होती ती एवढीच. वाद निघाला की झाडाखाली सभा बसे आणि कुठल्याही प्रौढ पुरुषाला बोलायचा हक्क असे. आय. एम. लुईस या ब्रिटिश अभ्यासकाने १९६१ च्या आपल्या ग्रंथाच्या नावातच या व्यवस्थेला गुराख्यांची लोकशाही म्हटले. त्या सभेत बायकांना जागा नव्हती, आणि पन्नास उंटांचा हिशेबही मला खटकतो, हे सांगून ठेवतो.

बर्बेरा हे हब्र अवलांचे बंदर. वर्षातले सहा महिने ते जवळजवळ ओस असे. वारे फिरले की हिवाळ्यात तिथे जत्रा भरे. आतल्या पठारावरून उंटांचे तांडे डिंक, कातडी, तूप, मेंढरे घेऊन उतरत आणि समुद्राकडून अरब व हिंदुस्थानी वाणी कापड, तांदूळ, खजूर घेऊन येत. परक्या व्यापाऱ्याला तिथे एक ‘अब्बान’ धरावा लागे. अब्बान म्हणजे यजमान, जामीनदार, दलाल आणि रखवालदार, सगळे एकाच माणसात. इंग्रजांना या किनाऱ्याची गरज पडली ती मटणासाठी. एडनच्या उघड्या खडकावर गवताची काडी उगवत नसे, आणि तिथल्या पलटणीला लागणारी मेंढरे समोरून येत. १८५५ मध्ये मुंबई सैन्यातला अधिकारी रिचर्ड बर्टन बर्बेऱ्याला तळ ठोकून होता. रात्री हल्ला झाला, त्याच्या गालातून भाला आरपार गेला आणि त्याचा एक सोबती ठार झाला.

पुढे १८८४ पासून इंग्रजांनी एकेका शाखेच्या वडीलधाऱ्यांशी करार केले. त्यांतले मुख्य कलम असे, की ब्रिटिश सरकारखेरीज इतर कुणालाही आपली जमीन देणार नाही. वडीलधाऱ्यांनी जमीन इंग्रजांनाही दिली नव्हती. दिले होते ते वचन. मग १८९७ साली इंग्रजांनी इथिओपियाचा सम्राट मेनेलिक याच्याशी तह केला आणि एक रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेला गेला तो हौद.

हौद म्हणजे नकाशावर रिकामी दिसणारी जागा. कायमचे पाणी नाही, गावे नाहीत. पण पाऊस पडला की तिथे गुडघाभर गवत येते, आणि इसाकांचे उंट व मेंढरे त्या पावसामागे दक्षिणेला जातात. कोरड्या महिन्यांत उत्तरेच्या विहिरींवर परततात. विहिरी इकडे, कुरण तिकडे. दोन्ही मिळून वर्ष पुरे होते. तहात दोन्हीकडच्या लोकांना कुरणे वापरता येतील असे कलम होते. पण जमीन कुणाची, हे ठरून गेले होते, आणि जिची जमीन त्यांना विचारलेले नव्हते. १९३० च्या दशकात हद्दीच्या खुणा रोवणारे पथक आले, तेव्हा रेघ रानात दिसू लागली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इटलीला हुसकावले आणि हौद काही वर्षे पुन्हा त्यांच्याच हाती आला. तरीही १९५४ च्या करारानुसार १९५५ मध्ये तो इथिओपियाच्या स्वाधीन केला. शिष्टमंडळे लंडनला गेली, जुने करार काढून दाखवले गेले. उपयोग झाला नाही.

१९५६ नंतर आपल्या भागातली माणसे कागद घेऊन ज्या ज्या दारांशी गेली, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. या कुळाने मला धरून ठेवले ते इथे.

त्या रागातून राजकारण जागे झाले. २६ जून १९६० रोजी ब्रिटिश सोमालीलँड स्वतंत्र झाला आणि पाचच दिवसांनी, १ जुलैला, दक्षिणेच्या इटालियन सोमालियात विलीन झाला. साऱ्या सोमालींचे एक राष्ट्र व्हावे, मग हौदही परत येईल, ही त्यामागची आशा. विलीनीकरण इसाकांनी स्वतःहून केले, पण राजधानी गेली मोगादिशूला आणि मोठी पदेही बहुतेक दक्षिणेला. १९६१ च्या घटनेच्या सार्वमतात उत्तरेने नाराजी दाखवली. त्या पाच दिवसांचे पंतप्रधान मोहम्मद हाजी इब्राहिम ईगाल १९६७ मध्ये साऱ्या देशाचे पंतप्रधान झाले खरे, पण १९६९ मध्ये सियाद बर्रेने लष्कराच्या जोरावर सत्ता घेतली.

बर्रेने १९७२ मध्ये सोमाली भाषेला रोमन लिपी दिली, हे त्याचे मोठे काम. कुळाचे नाव घेण्यावर बंदी घातली आणि स्वतः मात्र सोयऱ्याधायऱ्यांना जवळ केले, हा त्याचा दुसरा चेहरा. कवितेवर जीव टाकणाऱ्या या समाजात विरोधही कवितेतूनच आला. सोमाली कवितेत सबंध कवितेभर एकच अनुप्रास सांभाळावा लागतो. १९७९ मध्ये गारिये या इसाक कवीने ‘द’ या अक्षरावर कविता करून कुळभेदाला आव्हान दिले. दुसऱ्या कवीने त्याच अक्षरावर उत्तर दिले, मग तिसऱ्याने, आणि अशी दहापाच नव्हे, कितीतरी कवींची साखळी कॅसेटवरून देशभर फिरली. बुराओत जन्मलेला हद्रावी तर आधीच १९७३ ते १९७८ तुरुंगात बसून आला होता. पुढे दोघेही बंडखोरांना जाऊन मिळाले.

ते बंड म्हणजे १९८१ मध्ये लंडनला स्थापन झालेली सोमाली राष्ट्रीय चळवळ. तिचा कणा इसाकांचा. मे १९८८ मध्ये तिने बुराओ आणि हरगेसा या शहरांवर चाल केली, आणि सरकारने उत्तर दिले ते बंडखोरांना नव्हे, सबंध कुळाला. हरगेसाच्याच विमानतळावरून उडालेली विमाने हरगेसावर बाँब टाकून पुन्हा तिथेच उतरत. शहर जवळजवळ जमीनदोस्त झाले. मृतांचे अंदाज ५०,००० पासून वर जातात. १९९७ च्या पावसात हरगेसाजवळच्या ओढ्याकाठची माती वाहून गेली आणि हात बांधून पुरलेली माणसे उघडी पडली. पाडलेल्या विमानांपैकी एक आज शहराच्या मध्यावर चौथऱ्यावर उभे आहे.

लाखो माणसे पळाली. कुठे? तर रेघेपलीकडे, हौदात. हार्तिशेख इथली निर्वासितांची छावणी जगातल्या मोठ्या छावण्यांत गणली गेली. जे कुरण तोडले म्हणून दोन पिढ्या भांडल्या, तिथे रेघ होती म्हणूनच बर्रेची फौज मागे येऊ शकली नाही. आणि तिथे आधीपासून भाऊबंद होतेच.

बर्रे पडल्यावर १८ मे १९९१ रोजी बुराओच्या सभेने उत्तरेचे स्वातंत्र्य जाहीर केले. पुढची तीस वर्षे एकाही देशाने त्याला मान्यता दिली नाही. मधल्या काळात इसाकांच्या शाखांतच भाऊबंदकी पेटली, आणि विझवली ती झाडाखालच्या जुन्याच रीतीने. १९९३ मध्ये बोरामा या गडबुर्सी कुळाच्या गावी महिनोन्‌महिने वडीलधारे बसले. बर्रेच्या बाजूने लढलेलेही तिथे होते. ईगालना अध्यक्ष निवडले गेले आणि ‘गुर्ती’ म्हणजे वडीलधाऱ्यांचे सभागृह राज्यघटनेचा भाग झाले. २००३ च्या निवडणुकीत इसाक उमेदवार सिलान्यो हा गडबुर्सी उमेदवाराकडून जाहीर निकालानुसार ८० मतांनी हरला. न्यायालयाने हा फरक २१७ केला. बहुसंख्य कुळाच्या हाती बंदुका असतानाही त्याने निकाल मानला. आफ्रिकेतच काय, आपल्या तालुक्यातही हे सोपे नाही.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण नव्या राष्ट्राची हद्द म्हणजे इंग्रजांनी आखलेलीच हद्द, आणि पूर्वेकडे ती धुलबहांते कुळाच्या मुलखातून जाते. त्यांचे हार्ती भाऊबंद रेघेपलीकडे, पंटलँडमध्ये. त्यांना हे राष्ट्र नको होते. दक्षिणेची इंग्रजी रेघ ज्यांना अन्याय वाटली, त्यांच्या राष्ट्राचा सारा दावा पूर्वेच्या इंग्रजी रेघेवर उभा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये लास अनोद शहरात लढाई पेटली. हरगेसाच्या सैन्याच्या तोफा शहरावर पडल्या, लाखावर लोक घरे सोडून गेले, आणि ऑगस्टमध्ये सैन्याला मागे हटावे लागले. तोफांच्या बातम्या वाचताना मला चौथऱ्यावरचे ते विमान आठवत होते.

हौदात आता सिमेंटचे पाण्याचे टाके बांधले आहेत, ‘बरकद’ म्हणतात त्यांना. त्यांच्याभोवती गावे वसली आणि कुरणावर कुंपणे आली. तरी पाऊस झाला की कळप रेघ ओलांडतात, आणि हजच्या आधी तिकडचीच मेंढरे बर्बेऱ्याच्या धक्क्यावरून अरबस्तानला जातात.