बिट्सर, बिली
(२१ एप्रिल १८७२–२९ एप्रिल १९४४). अमेरिकन चित्रपट-छायालेखक. मूळ नाव योहान गॉटलोब व्हिल्हेल्म बिट्सर. जन्म बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात, एका जर्मन स्थलांतरित कुटुंबात. तो प्रथम चांदीकाम शिकला. १८९६ च्या सुमारास ‘अमेरिकन म्यूटोस्कोप’ (पुढे ‘बायोग्राफ’) या कंपनीत तो चित्रणाकडे वळला. कंपनीचा कॅमेरा विजेच्या मोटारीवर चाले आणि चित्रण होत असतानाच फितीला छिद्रे पाडी. हे अवजड यंत्र सांभाळणारा माणूस छायालेखक आणि यंत्रज्ञ दोन्ही असावा लागे. विषय निवडणे, कॅमेऱ्याची जागा ठरविणे ही कामेही बहुधा त्याच्याकडेच असत.

बिट्सरने १८९८ मध्ये स्पॅनिश-अमेरिकन युद्धाच्या चित्रणासाठी क्यूबा गाठले. पुढील वर्षी कोनी आयलंड येथील जेफ्रीझ-शार्की मुष्टियुद्ध सुमारे ४०० आर्क दिव्यांच्या उजेडात चित्रित झाले. त्या दिव्यांच्या आचेने मुष्टियोद्धे हैराण झाले होते. न्यूयॉर्कच्या नव्या भुयारी रेल्वेचे १९०५ मधील चित्रण याहून कल्पक आहे. पुढे धावणाऱ्या गाडीमागून कॅमेरा नेण्यात आला व शेजारच्या रुळांवरील गाडीतून तिच्यावर प्रकाश टाकण्यात आला. बिट्सरची प्रकाशावरील हुकमत डी. डब्ल्यू. ग्रिफिथची भेट होण्यापूर्वीच सिद्ध झाली होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

ग्रिफिथ १९०८ मध्ये बायोग्राफमध्ये दिग्दर्शक झाला. त्याच्या तेथील शेकडो लघुपटांपैकी बहुतेकांचे छायालेखन बिट्सरचे आहे. अ ड्रंकर्ड्स रिफर्मेशन (१९०९) मधील शेकोटीचा उजेड आणि पिप्पा पासेस (१९०९) मधील उजाडण्याचा भास या काळातील होत. चौकटीचे कोपरे काळवंडण्याचा परिणाम भिंगावरील घरगुती आच्छादनामुळे योगायोगाने साधला, असे बिट्सर सांगे. ग्रिफिथने १९१३ मध्ये दिलेल्या जाहिरातीत मात्र समीपदृश्य, क्रमशः अंधारणारे दृश्य इ. युक्तींचे जनकत्व स्वतःकडे घेतले. वस्तुतः यांतील काही युक्ती यूरोपीय चित्रपटांत आधीच रूढ होत्या. ग्रिफिथने त्यांना कथनात अर्थ दिला, बिट्सरने त्या फितीवर उतरविल्या. या दोहोंत रेघ ओढणे अवघड आहे.

द बर्थ ऑफ अ नेशन (१९१५) मधील युद्धदृश्यांना मॅथ्यू ब्रेडीच्या यादवी युद्धकालीन छायाचित्रांचा आधार होता. या चित्रपटाने कू क्लक्स क्लॅनचा गौरव करून कृष्णवर्णीयांविषयी विषारी चित्र रंगविले. त्यावर तेव्हाही निषेध झाला. त्याच्या निर्मितीत बिट्सरने स्वतःचा पैसाही गुंतविला होता. त्यामुळे या चित्रपटाच्या यशाप्रमाणे दोषातूनही त्याला वगळता येत नाही. इन्टॉलरन्स (१९१६) मध्ये बॅबिलनचा भव्य देखावा टिपण्यासाठी रुळांवरून सरकणारा, उद्वाहकयुक्त मनोरा वापरण्यात आला.

ब्रोकन ब्लॉसम्स (१९१९) पासून ग्रिफिथचा ओढा हेन्ड्रिक सार्टोव्हच्या धूसर, मृदू प्रतिमांकडे वाढला व बिट्सर मागे पडला. मद्यपानाचीही त्यात भर पडली. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या छायालेखकांची कामगार संघटना उभारण्यात त्याने पुढाकार घेतला. बोलपटांच्या आगमनानंतर त्याला फारसे काम मिळाले नाही. पुढे न्यूयॉर्कच्या ‘म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट’च्या चित्रपट-संग्रहात तो जुन्या साहित्याच्या कामात साहाय्य करीत असे. लॉस अँजेल्स येथे त्याचे निधन झाले. त्याचे आत्मचरित्र मरणोत्तर, १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले.