फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर

भारताचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज म्हणून ज्यांचे नाव घ्यावे लागते, ते बाळू पालवणकर आपल्या धारवाडचे. म्हणजे जन्म तिथला, १८७५-७६ च्या सुमारासचा. आडनाव कोकणातले, कुटुंब चर्मकार समाजाचे आणि वडील लष्कराच्या नोकरीत. बेळगाव-धारवाडकडच्या क्रिकेटवेड्या मंडळींनाही हे ठाऊक नसते. मलाही निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली तेव्हाच कळले.

त्यांचे बालपण पुण्यात गेले. पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्या-लोटण्याचे काम त्यांनी केले, पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागले. रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. यांत जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज होता. तो लवकर येऊन बाळूंकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेई. बाद केल्यावर दर वेळी आठ आणे बक्षीस देई, अशी आख्यायिका आहे. खरी असेल तर महिन्यात आठदा बाद केले की पगार दुप्पट! मात्र इतके चेंडू टाकूनही त्या क्लबात त्यांच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हे साहेबांचे काम.

बाळू डावखुरे, संथ गतीचे फिरकी गोलंदाज. चेंडू दोन्ही बाजूंना वळवीत, उंची आणि वेग बदलीत आणि न थकता टाकीत राहत. पुण्यातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते, त्यामुळे जातीवरून बरीच कुरबुर होऊनही त्यांना संघात घ्यावे लागले. मैदानावर सगळे तोच चेंडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पानही वेगळे असे. बळी घेऊन आलेल्या माणसाने बाहेर उभे राहून चहा प्यायचा, ही गोष्ट वाचताना मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले होते.

पुण्यात प्लेग आला त्या काळात ते मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखान्याकडून आणि रेल्वेच्या संघातून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. दुसऱ्या डावात युरोपियन १०२ धावांत आटोपले. बाळूंबरोबर त्यांचे धाकटे भाऊ शिवराम याही सामन्यात होते. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही नावारूपाला आले.

१९११ चा इंग्लंड दौरा हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस. भारतीय संघाचे कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग होते, पण त्यांचा बराच वेळ मेजवान्यांत गेला. संघ बहुतेक सामने हरला. त्या पडझडीत पस्तिशीच्या बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत ८ बळी ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोत्तम कामगिरी. शिवराम यांनी सॉमरसेटविरुद्ध शतक झळकावले. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. आकड्यांत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला यापुढे काही सांगावे लागत नाही. सामने कमी दिसतात, कारण त्या काळी वर्षातून मोजकेच सामने होत.

एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९१३ साली मुकुंद पै कर्णधार झाले, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितले की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. १९२० मध्ये पै आजारी पडले, तर दि. ब. देवधरांना नेमले गेले. बाळूंना तर संघातच घेतले नाही. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निवेदन काढून माघार घेतली. वृत्तपत्रांत आणि लोकांत चर्चा झाली आणि अंतिम सामन्यासाठी भावांना परत बोलवावे लागले. बाळू उपकर्णधार झाले आणि पै मैदानाबाहेर गेले असताना काही काळ त्यांनी संघ सांभाळला. तोवर त्यांचे वय पंचेचाळीसच्या घरात होते. पूर्ण कर्णधारपद घरात आले ते १९२३ साली, विठ्ठल यांच्या रूपाने.

उत्तरायुष्यात बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. कधीकाळी ज्यांनी मानपत्र लिहिले, त्यांच्याशीच लढत! आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० चा. यावरून आजही दोन्ही बाजूंनी बोलले जाते. मला वाटते, बाळूंचा पिंड समजुतीने दार उघडून घेण्याचा होता आणि आंबेडकर दार कुणी बंद केले ते विचारीत होते.

विठ्ठल पालवणकरांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत प्रसिद्ध झाले. या भावांची हकीकत घरच्या माणसाकडून ऐकायची तर ते मिळवून वाचावे. बाळू पालवणकर जुलै १९५५ मध्ये मुंबईत वारले.