अलास्काचा तेल-प्रलय आणि तेथील सरकार

अलास्का हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्तारानें सर्वांत मोठें संस्थान. त्याच्या उत्तर टोकाला प्रुडो उपसागराकांठीं निघणारें तेल ८०० मैल लांबीच्या नळांतून दक्षिणेस वाल्डीझ बंदरांत येतें व तेथें जहाजांत भरलें जातें. १९७७ मध्यें हा ओघ सुरू झाला आणि संस्थानच्या खजिन्याचा फार मोठा भाग त्याच्यावरच भरूं लागला. जो पोसतो त्याचीच झडती घेणें कोणत्याही कारभाऱ्यास जड जातें. अलास्कांत नेमकें तेंच झालें.

तेल सांडल्यास काय करावयाचें याची योजना नळ चालविणाऱ्या कंपनीनें आखावी आणि संस्थानच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें ती तपासून मंजूर करावी, असा शिरस्ता होता. १९८७ सालीं मंजूर झालेल्या योजनेंत अपघातस्थळीं पांच तासांत साधनें पोंचविण्याचें वचन होतें. दोन लक्ष पिंपांची गळती २४१ वर्षांतून एकदांच संभवते, असा हिशेबही तींत होता. २४० नव्हे, २४१! खात्याच्या वाल्डीझ येथील अधिकाऱ्यानें कंपनीची तयारी ढासळत असल्याचें १९८४ मध्येंच वरिष्ठांस लिहून कळविलें होतें. त्यावरून फारसें कांहीं झालें नाहीं.

२४ मार्च १९८९ रोजीं, गुड फ्रायडेच्या मध्यरात्रीनंतर चार मिनिटांनीं, एक्झॉन वाल्डीझ हें ९८७ फूट लांबीचें जहाज ब्लाय खडकावर आदळलें. हिमखंड चुकविण्याकरितां त्यानें नेहमींची वाट सोडली होती. एकेरी तळ फाटून सुमारें १ कोटी १० लक्ष गॅलन तेल प्रिन्स विल्यम आखातांत पसरलें. कंपनीचा पडाव त्या वेळीं दुरुस्तीसाठीं रिकामा करून ठेवलेला होता. साधनें शोधून व चढवून तो अपघातस्थळीं पोंचला, तेव्हां चौदा तास उलटून गेले होते. पहिले तीन दिवस समुद्र शांत होता. परंतु ते रसायनें फवारावीं कीं नाहींत आणि हुकूम कोणाचा चालावा, या घोळांत बरेचसे खर्ची पडले. २६ तारखेच्या रात्रीं वादळ उठलें आणि तेल कोणाच्याच आटोक्यांत राहिलें नाहीं.

या सर्व गोंधळांत एक काम मात्र वेळेवर झालें. कॉर्डोव्हा गांवच्या कोळ्यांनीं आपल्या होड्या काढल्या आणि सॉमिल उपसागरांतील सॅमन माशांच्या पैदास-केंद्राभोंवतीं तरंगतीं कुंपणें ओढून धरलीं. संस्थान सरकारनें आपली बार्टलेट ही उतारूंची बोट त्यांच्या पाठीशीं उभी केली. पिलें वांचलीं. अन्यत्र पक्षी व समुद्री ऊद हजारोंनीं मेले.

पुढें संस्थानच्या कायदेमंडळानें चौकशीसाठीं आयोग नेमला. वॉल्टर पार्कर हे त्याचे अध्यक्ष होते. १९९० च्या आरंभीं आलेल्या अहवालांत आयोगानें कंपनीबरोबर सरकारच्या ढिलाईवरही बोट ठेवलें, हें विशेष. त्याच वर्षीं कायदा झाला: मोठ्या तेलवाहू जहाजांच्या मालकांनीं ७२ तासांत तीन लक्ष पिंपें तेल आवरण्याइतकी साधनें सिद्ध ठेविलीं पाहिजेत. शिवाय दर पिंपामागें पांच सेंटांची पट्टी बसवून गळतीसाठीं स्वतंत्र निधि उभारला गेला.

आणि ज्यांना आधीं कोणी विचारलें नव्हतें, त्या कोळ्यांच्या होड्या आतां कराराने बांधलेल्या असून, कुंपणें ओढण्याचा त्यांचा सराव दरवर्षीं घेतला जातो.