पोलादी कड्यांचा प्रतिध्वनी

21 ऑगस्ट 1944. इंग्लिश खाडी, आइल ऑफ वाइटच्या आग्नेयेला. तुम्ही ‘यू-480’ या जर्मन पाणबुडीच्या पोटात उभे आहात. हिच्या टॉर्पेडोने आत्ताच ‘अल्बर्नी’ ही कॅनडाची कॉर्व्हेट बुडवली. 59 जण गेले. कुणी बोलत नाही. सगळ्यांचे कान वरून येणाऱ्या सोनारच्या ‘पिंग’कडे.

भिंतीला हात लावा. थंड, दमट पोलाद, जेमतेम 18.5 मिलिमीटर जाड. हात पुढे सरकवलात की आडवे कडे लागते. थोड्या अंतरावर दुसरे, मग तिसरे. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाचा दाब वाढतो. ही कडी काढली तर हे नळकांडे चेपून जाईल.

बाहेरून रबर चिकटवले आहे, सुमारे 4 मिलिमीटर, आत हवेची बारीक छिद्रे. ध्वनिलहर त्या छिद्रांना दाबते-सोडते आणि तिची ऊर्जा रबरातच जिरते. पण खोलीबरोबर छिद्रे आक्रसतात, गुण बदलतो. शिवाय हे रबर शत्रूच्या सोनारची पट्टी धरून केलेले; त्याहून खालच्या सुरांना ते फारसे अडवत नाही.

आता त्या खालच्या सुरांबरोबर बाहेरून या. लहर बरोबर कुशीवर आदळली तर आरशासारखी परतते. तिरकी आली तर गुळगुळीत कवच तिला भलतीकडे धाडते, आणि शोधणाऱ्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. पोलादात वाकण्याच्या लहरी उठतात खऱ्या, पण कमी कंप्रतेला त्या पाण्यातल्या ध्वनीपेक्षा हळू धावतात. सपाट पत्र्यावरून मुकाट निघून जातात. कड्यापाशी मात्र अडखळतात, आणि तिथून आवाज पाण्यात सुटतो. मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ते हेच: ज्याच्या जोरावर माणसे आत जिवंत आहेत, तेच त्यांचा ठावठिकाणा सांगते.

कड्यांमधले अंतर 60 सेंटिमीटर धरा. लहर पाणबुडीच्या अक्षाशी 45 अंशांत आली, तर पुढच्या कड्यापर्यंत जाऊन-येऊन 85 सेंटिमीटर जादा वाट पडते. तरंगलांबी नेमकी तेवढी असली, म्हणजे कंप्रता सुमारे 1770 हर्ट्झ, की सगळ्या कड्यांचे प्रतिध्वनी एका तालात परततात. कोन बदला, सूरही सरकतो.

सात वर्षे पुढे या, 1951. अमेरिकेत जेम्स फॅरन दाखवतो की पाण्यातल्या भरीव दंडगोलाचा प्रतिध्वनी केवळ आकारावर ठरत नाही, त्याच्या अंगातली कंपनेही त्यात मिसळतात.

आणखी चार दशके पुढे या. वॉशिंग्टनची नौदल संशोधन प्रयोगशाळा, कडी बसवलेल्या कवचांचा अभ्यास. एका अक्षावर कोन, दुसऱ्यावर कंप्रता असा आलेख तुमच्यासमोर आहे. कुशीकडचा ठळक पट्टा आरशाचा. बाजूच्या वाकड्या रेषा कड्यांच्या. कड्यांची अंतरे थोडी विषम केली की त्या रेषा पसरट होतात, आणि वाकण्याच्या काही लहरी कवचभर फिरतच नाहीत. जिथे उठल्या तिथल्याच, कड्यांमधल्या दोन-चार कप्प्यांत अडकून राहतात.