इटलीतून निघालेल्यांच्या अनेक अमेरिका

१८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत इटलीतून बाहेर पडलेल्यांची सरकारी नोंद सुमारे एक कोटी चाळीस लाख एवढी भरते. त्यांपैकी निम्म्याहून काहीसे कमी लोक फ्रान्स, स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया अशा युरोपीय देशांतच गेले आणि उरलेल्यांतील बहुतेकांनी अटलांटिक ओलांडून अमेरिकेची संयुक्त संस्थाने, अर्जेंटिना आणि ब्राझील हे तीन देश गाठले. वारंवार ये-जा करणारा माणूस या नोंदीत पुन्हा पुन्हा मोजला गेला आहे हे लक्षात घेतले, तरी विसाव्या शतकाच्या आरंभी जेमतेम सव्वातीन कोटी वस्ती असलेल्या देशाच्या दृष्टीने हा ओघ प्रचंडच होता. त्याला ‘इटालियन स्थलांतर’ असे एकच नाव देण्याची इतिहासलेखनात प्रथा आहे. मात्र निघालेल्यांपैकी फार थोडे लोक स्वतःला इटालियन म्हणवत होते, आणि कोण कोणत्या अमेरिकेत पोहोचणार हे तो इटलीच्या कोणत्या प्रांतातला, किंबहुना कोणत्या गावचा, यावर बऱ्याच अंशी ठरत होते, ही गोष्ट त्या नावाखाली झाकली जाते.

इटलीचे राज्य १८६१ साली घोषित झाले, व्हेनिसचा प्रदेश त्यात १८६६ साली आला आणि रोम १८७० साली. मराठी वाचकाला या एकीकरणाची ओळख मुख्यतः मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांच्या चरित्रांतून झाली. सावरकरांनी मॅझिनीच्या आत्मचरित्राचे केलेले भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले, त्यामुळे इटली म्हटले की परकी सत्ता झुगारून एक झालेले राष्ट्र हेच चित्र महाराष्ट्रात दीर्घकाळ ठसलेले राहिले. ते भाषांतर छापले जात होते त्याच वर्षांत त्या राष्ट्रातील शेतकरी दरसाल लाखोंच्या संख्येने देश सोडत होते. राज्य एक झाले तरी भाषा एक झालेली नव्हती. एकीकरणाच्या वेळी साहित्यिक इटालियन बोलता येणारे लोक शंभरात तीनसुद्धा नव्हते, असा अंदाज भाषाशास्त्रज्ञ तुल्लियो दे माउरो यांनी १९६३ साली मांडला; पुढे काहींनी हे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत वाढवले, तथापि व्हेनेतोचा शेतमजूर आणि सिसिलीचा मेंढपाळ समोरासमोर आले तर एकमेकांचे बोलणे त्यांना कळत नसे, याविषयी मतभेद नाही. माणसाची निष्ठा गावच्या देवळाच्या घंटाघरापुरती असे. ‘काम्पानिले’ म्हणजे घंटाघर, त्यावरून या वृत्तीला इटालियनमध्ये ‘काम्पानिलिस्मो’ हे नाव पडले, आणि ज्या टापूत आपल्या घंटेचा आवाज ऐकू येतो तेवढाच आपला मुलूख, असा त्याचा आशय आहे.

गाव सोडण्याची कारणेही प्रांतागणिक निराळी होती. आगबोटींमुळे अमेरिकेचे स्वस्त धान्य १८८०च्या दशकात युरोपच्या बाजारात उतरले आणि गव्हाचे भाव कोसळले, हा आघात सर्वत्र बसला; परंतु व्हेनेतोमध्ये त्याच्या जोडीला पेलाग्रा होता. हा आहारातील उणिवेतून जडणारा रोग असून, वर्षभर मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीवर, म्हणजे पोलेंतावर, जगणाऱ्या कुटुंबांत तो त्वचा, पचन आणि शेवटी बुद्धी यांवर घाला घालत असे. दक्षिणेत हिवताप, जंगलतोडीने उघडे पडलेले डोंगर आणि दूर शहरात राहणाऱ्या जमीनदारांच्या अफाट जमिनी ही दुखणी होती, आणि १८८८ साली फ्रान्सशी सुरू झालेल्या जकातयुद्धाने दक्षिणेच्या द्राक्षमद्याची मोठी बाजारपेठ बंद केली. असे असूनही सर्वांत दरिद्री तो सर्वांत आधी निघाला, असा सरळ हिशोब येथे लागू पडत नाही. पुलियाच्या सपाटीवरील भूमिहीन मजूर बराच काळ गावीच राहून जमीनदारांशी संघटितपणे झुंजत राहिले आणि तोस्कानामध्ये पिकाच्या निम्म्या वाट्यावर जमीन कसणारी कुळेही लवकर हलली नाहीत; उलट बाझिलिकाता, कालाब्रिया आणि आब्रुत्सी या डोंगराळ प्रांतांतील ज्यांच्यापाशी जमिनीचा एखादा तुकडा होता, तो गहाण टाकून तिकीट काढता येत होते आणि परतून तो वाढवण्याची आशा होती, असे लोक मोठ्या संख्येने बाहेर पडले. १९०२ साली पंतप्रधान झानार्देल्ली बाझिलिकाताच्या दौऱ्यावर गेले असता मोलितेर्नोच्या नगराध्यक्षाने आठ हजार नागरिकांच्या वतीने त्यांचे स्वागत केले आणि त्यांतील तीन हजार अमेरिकेत असून उरलेले पाच हजार त्यांच्यामागून जाण्याच्या तयारीत आहेत, असे त्यांना सांगितले.

पहिली वाट लिगुरियाच्या किनाऱ्यावरील खलाशांनी पाडली. जेनोवाचे नावाडी आणि व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ला प्लाता आणि पाराना या नद्यांवरील वाहतुकीत शिरले होते, आणि ब्वेनोस आयरेसच्या बोका बंदरातील वस्ती इतकी जेनोवी होती की तेथे १९०५ साली स्थापन झालेल्या बोका ज्युनिअर्स या फुटबॉल क्लबाला आजही ‘सेनेइसेस’, म्हणजे जेनोवावाले, म्हणतात. त्यांच्यामागून पिएमोंते आणि लोम्बार्दियाचे शेतकरी आले; सांता फे आणि कोर्दोबा या प्रांतांतील गव्हाचे मळे उभारण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. दक्षिण गोलार्धातील ऋतू उलटे असल्याने युरोपातील सुगी आटोपून डिसेंबरच्या कापणीला अर्जेंटिनात जायचे आणि वसंतात घरी परतायचे, अशी दुहेरी मजुरी करणारेही होते, त्यांना तेथे ‘गोलोंद्रिना’, म्हणजे पाकोळ्या, म्हणत.

ब्राझीलमध्ये व्हेनेतोची माणसे सर्वाधिक गेली आणि ती कुटुंबेच्या कुटुंबे गेली. त्यांतही दोन प्रवाह होते व त्यांचे नशीब फार वेगळे निघाले. १८७५पासून रिओ ग्रांदे दो सुलच्या डोंगराळ भागात ज्यांना सरकारने हप्त्याने फेडायच्या किमतीवर जंगलजमीन दिली, त्यांनी काशियास दो सुल, बेंतो गोंसाल्वेस यांसारख्या वसाहती वसवल्या, द्राक्षे लावली, आणि शेजारी सारे आपल्याच मुलखातले असल्याने व्हेनेती बोलीच्या पायावर ‘तालियान’ नावाची सामाईक भाषा घडवली. दुसरा प्रवाह साओ पाउलोच्या कॉफीमळ्यांकडे वळवण्यात आला. ब्राझीलमध्ये १८८८ साली गुलामगिरी रद्द झाली आणि मळेवाल्यांना मजुरांची नड भासू लागली; तेव्हा साओ पाउलो सरकारने कुटुंबासह येणाऱ्यांच्या तिकिटाचा खर्च उचलला, कारण बायकामुलांचे बिऱ्हाड घेऊन आलेला माणूस मळा सोडून सहज पळू शकत नाही. या मजुरांचा पगार थकवला जाई, मळ्याच्याच दुकानातील उधारी त्यांच्या डोक्यावर चढे आणि दंड मनमानीने लावले जात. ज्या कोठड्यांतून कालपरवापर्यंत गुलाम राहत होते, तेथेच अनेकांना उतरवण्यात आले. स्थलांतर खात्याचे निरीक्षक आदोल्फो रोस्सी यांनी हे पाहून अहवाल दिला, आणि मार्च १९०२मध्ये परराष्ट्रमंत्री प्रिनेत्ती यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हुकुमाने ब्राझीलकडे फुकट तिकिटावर माणसे नेण्यास बंदी झाली. नव्या इटालियन राज्याने आपल्या गोरगरिबांसाठी परदेशात टाकलेल्या मोजक्या ठाम पावलांपैकी हे एक होय.

दक्षिणेचा माणूस नेपल्स वा पालेर्मोहून निघून बहुधा न्यूयॉर्कला उतरे, आणि तो सहसा एकटा पुरुष असे. लोहमार्ग, खाणी, भुयारे, बांधकामे येथे रोजंदारीवर राबायचे, पैसे गावी धाडायचे आणि जमीन घेण्यापुरती पुंजी साठली की परतायचे, हा त्याचा बेत होता आणि फार मोठ्या संख्येने लोक खरोखर परतलेही. गावाशी असलेले नाते शहरातही तुटत नसे, कारण पुढे गेलेला भाऊ किंवा मामा पत्र लिहून मागच्याला बोलावी, त्याच्यासाठी खाट आणि काम पाहून ठेवी; या साखळीमुळे एका खेड्यातील माणसे समुद्रापलीकडे एका गल्लीत येऊन राहत. मॅनहॅटनमध्ये मलबरी रस्त्यावर नेपल्सकडचे, एलिझाबेथ रस्त्यावर सिसिलीचे आणि बॅक्स्टर रस्त्यावर जेनोवाचे, अशी विभागणी होती. व्हरमाँटमधील बॅरी गावी ग्रॅनाइट घडवायला काराराचे दगडफोडे गेले, न्यू जर्सीतील पॅटरसनच्या रेशीमगिरण्यांत पिएमोंतेमधील बिएल्लाचे विणकर गेले आणि लुइझियानाच्या ऊसमळ्यांत सिसिलीचे मजूर. त्यांतील सिसिलीकरांच्या वाट्याला आलेला द्वेष किती टोकाचा होता हे १४ मार्च १८९१ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगात जमावाने केलेल्या अकरा जणांच्या हत्येने दाखवून दिले.

या द्वेषाला पुढे शास्त्राचा मुलामा मिळाला. अमेरिकी स्थलांतर खात्याने १८९९पासून इटालियनांची नोंद ‘उत्तर इटालियन’ आणि ‘दक्षिण इटालियन’ अशा दोन वेगळ्या वंशांखाली सुरू केली, आणि स्थलांतराची चौकशी करणाऱ्या डिलिंगहॅम आयोगाच्या १९११मधील अहवालमालेने ही विभागणी पक्की केली. पो नदीच्या खोऱ्यातील लोक तेवढे उत्तरेचे आणि उरलेला सारा द्वीपकल्प बेटांसह दक्षिणेचा, अशी व्याख्या केल्याने नकाशावर थेट उत्तरेस असलेले जेनोवाही दक्षिणेत गणले गेले. ज्या वर्गवारीत कोलंबसाचे गाव सिसिलीच्या रांगेत जाऊन बसते, ती मुळातच किती तकलादू असेल हे सांगण्यास अन्य पुरावा नको. ही कल्पना अमेरिकेत उपजलेली नव्हती. लोम्ब्रोझोच्या गुन्हेगारशास्त्राच्या प्रभावाखाली आल्फ्रेदो निचेफोरो यांनी १८९८च्या ग्रंथात दक्षिण इटली मागास आणि रानटी ठरवली होती, आणि ते स्वतः सिसिलीचे होते ही या कथेतील अतिशय क्लेशदायक बाब आहे. दक्षिणेकडून आलेल्यांत निम्म्याहून अधिक निरक्षर आणि उत्तरेकडच्यांत सुमारे ११-१२ टक्के, हा आयोगाचा आकडा वंशभेदाचा पुरावा म्हणून वापरला गेला. वस्तुतः इटलीत प्राथमिक शाळांचा खर्च गावांवर सोपवलेला होता आणि दक्षिणेच्या कफल्लक गावांना तो पेलत नव्हता, एवढेच त्यातून सिद्ध होत होते. १८९९ ते १९१० या काळात सुमारे १९ लाख ‘दक्षिणी’ आणि पावणेचार लाख ‘उत्तरी’ नोंदले गेल्याने बंदीची मागणी कोणाविरुद्ध होती हे उघड होते. १९१७ साली साक्षरतेची अट आली, आणि १९२४च्या कायद्याने इटलीचा वार्षिक वाटा ३,८४५ माणसांवर आणून ठेवला.

अर्जेंटिनातील इटालियन सुखावले आणि न्यूयॉर्कमधील दीर्घकाळ खालच्या पायरीवर राहिले, याचे कारण पहिले उत्तरेचे आणि दुसरे दक्षिणेचे होते, असे आजही सांगितले जाते. सॅम्युएल बेली या इतिहासकाराने दोन्ही शहरांची तुलना करून दाखवलेली कारणे अधिक पटणारी आहेत. ब्वेनोस आयरेसमध्ये १८८७च्या गणनेत रहिवाशांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा इटालियन होता. कारखानदारी आकार घेण्यापूर्वीच ते आले, कारागीर आणि दुकानदार म्हणून स्थिरावले, १८५८पासून त्यांची ‘उनियोने ए बेनेव्होलेन्त्सा’ ही परस्परसाह्य संस्था चालू होती, आणि यजमानांची भाषा त्यांच्या बोलींना जवळची होती. न्यूयॉर्कला बहुतांश लोक १८९०नंतर पोहोचले तेव्हा आयरिश आणि जर्मन लोकांनी चांगल्या जागा आधीच धरल्या होत्या. विसाव्या शतकात कालाब्रिया आणि सिसिलीची माणसे अर्जेंटिनातही मोठ्या संख्येने आली आणि तयार असलेल्या संस्थांच्या आधाराने तीही रुजली, हे बेलींच्या प्रतिपादनाला बळ देते.

परक्या नजरेला हे बारीक भेद दिसत नव्हते. अर्जेंटिनात ‘नापोलितानो’ या शब्दाचा तुकडा असलेले ‘तानो’ हे नाव जेनोवाच्या माणसालाही लागू झाले, आणि न्यूयॉर्कमध्ये मिलानचा शिक्षित माणूसही पालेर्मोच्या हमालासारखाच हिणवला गेला. अशा रीतीने बाहेरून लादलेली एकता हळूहळू आतूनही स्वीकारली गेली, तरी देवदेवतांच्या उत्सवांत गाव शाबूत राहिले. साओ पाउलोच्या बिशिगा वस्तीत कालाब्रियातील रोस्सानोची आकिरोपिता माता, ब्रास वस्तीत पुलियातील पोलिन्यानोचा संत व्हितो आणि मोओकामध्ये नेपल्सचा संत जेन्नारो, हे सारे एकाच शहरात आपापल्या भक्तांसह नांदतात.

तालियान भाषेवर ब्राझीलचे हुकूमशहा व्हार्गास यांच्या राजवटीत परभाषाबंदीचा वरवंटा फिरला, तरी ती टिकली आणि २०१४ साली ब्राझीलने तिला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सांता कातारिनातील नोव्हा त्रेंतोची कथा कायद्याच्या अंगाने अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे १८७५पासून आलेले लोक इटालियन बोली बोलत असले तरी त्रेंतिनो प्रांत तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असल्याने ते ऑस्ट्रियाचे प्रजाजन म्हणून उतरले होते. त्यामुळे वंशपरंपरेने इटालियन नागरिकत्व मागण्याचा जो हक्क व्हेनेतोच्या वंशजांना मिळाला, तो त्यांच्या वंशजांना मिळत नव्हता. इटलीने २००० साली स्वतंत्र कायदा करून त्यांना अर्जाची मुभा दिली, आणि तिची मुदत डिसेंबर २०१०मध्ये संपली.