क्रीमच्या डबीतलं तेल आणि एक्साइजची फाइल

"माझ्या विषयावर साहित्यच मिळत नाही," हे वाक्य पेटची तयारी करणाऱ्यांकडून आणि सिनॉप्सिसवर अडलेल्यांकडून नेहमी ऐकू येतं. रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास करायचा म्हटलं की ते हमखास येतंच. साबण, तेल, क्रीम या वस्तूंचं दप्तर कोण जपून ठेवणार? उत्तर जरा अनपेक्षित आहे: कर खातं. कर वसूल करण्यासाठी आधी ती वस्तू नेमकी आहे काय, हे लिहून काढावं लागतं. त्यावर भांडण झालं की दोन्ही बाजू पानंच्या पानं लिहितात, आणि त्यातून वस्तूचा इतिहास जमा होत जातो.

आज त्वचेच्या क्रीमचं उदाहरण घेऊ. यासाठी नागपूरइतकं सोयीचं शहर नाही, कारण या विषयावरचे सुप्रीम कोर्टाचे काही गाजलेले निकाल 'केंद्रीय उत्पादन शुल्क, नागपूर' याच नावानं नोंदले गेले आहेत. बैद्यनाथ, विको आणि प्युमा आयुर्वेदिक हर्बल या तिन्ही कंपन्यांची भांडणं इथल्याच कार्यालयाशी झाली. आधी कलेक्टर म्हणायचे, नंतर आयुक्त म्हणू लागले, एवढाच फरक.

प्रश्न साधा होता. हे औषध आहे की प्रसाधन? प्रसाधन म्हणजे चैन, त्यामुळे शुल्क जास्त. औषधाला सवलत. पुढे 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हाही आयुर्वेदिक औषधाला 12 टक्के आणि सौंदर्यप्रसाधनाला सुरुवातीला 28 टक्के दर होता. डबी तीच आणि आतलं क्रीमही तेच, पण दरात 16 टक्क्यांचं अंतर. एवढ्या पैशांसाठी लोक कोर्टात जाणारच.

विकोची गोष्ट तुम्हाला थोडीफार माहीत असेल. मूळचे नागपूरचे केशव विष्णू पेंढरकर मुंबईला गेले आणि 1952 मध्ये त्यांनी विको सुरू केली. हळद आणि चंदन तेल असलेलं त्यांचं क्रीम 1975 मध्ये बाजारात आलं. जाहिरातीच्या गाण्यात हे क्रीम कॉस्मेटिक नव्हे, असं ठासून सांगितलं जायचं. ते गाणं आपल्या पिढीनंही टीव्हीवर ऐकलं आहे. 1978 मध्ये एक्साइज खात्यानं नेमका उलटा मुद्दा काढला: हे कॉस्मेटिकच आहे. जुन्या टॅरिफखाली दिवाणी कोर्ट आणि मुंबई हायकोर्ट, दोन्ही ठिकाणी विकोच्या बाजूनं निकाल लागला. मग 1985 चा नवा टॅरिफ कायदा आला आणि खात्यानं पुन्हा नोटिसा काढल्या. शेवट डिसेंबर 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात झाला, तोही विकोच्या बाजूनं. म्हणजे एका पिवळसर क्रीमची ओळख ठरायला 26 वर्षं लागली. (पीएचडी लांबली म्हणून रडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.)

इथे एक सावधगिरी. गाण्यातला दावा आणि कोर्टातला दावा एकच आहे, हे दिसल्याबरोबर "करासाठीच गाणं लिहिलं" असं विधान ठोकून देऊ नका. दोन गोष्टी शेजारी दिसल्या की एक दुसरीचं कारण ठरत नाही. चांगला गाइड तिथेच पेन्सिलीनं गोल करेल.

कोर्ट ठरवतं कसं? दोन कसोट्या वारंवार येतात. पहिली: वस्तू बनवण्यात वापरलेले घटक आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांत आहेत का? दुसरी: सामान्य ग्राहक तिला औषध समजून घेतो का? बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाचं प्रकरण याच दुसऱ्या कसोटीवर 1995 मध्ये कंपनीच्या विरोधात गेलं. घटक आयुर्वेदिक आहेत, पण लोक ते रोज सकाळी दात घासायला वापरतात, औषध म्हणून नाही, असं कोर्टाचं म्हणणं. 2006 च्या प्युमाच्या निकालात मसाजचं तेल, कोंड्यावरचं तेल, बाळाचं तेल अशी यादीच आहे. तिथे कोर्टानं फरक असा मांडला की प्रसाधन रूप खुलवण्यासाठी असतं आणि औषध एखाद्या विकारावर इलाज करण्यासाठी. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतं, एवढ्यावरून एखादी वस्तू प्रसाधन ठरत नाही, हेही त्याच निकालात आहे.

आता माझा खरा मुद्दा. ही विभागणी वाचायला सोपी वाटते, पण कोरड्या त्वचेला लावली की अडखळते. डिसेंबरमध्ये नागपुरात पाय फुटतात, गाल ताणले जातात. हा विकार आहे की रूपाचा प्रश्न? आई तिळाचं किंवा खोबरेल तेल चोळते, तेव्हा ती इलाज करते की पोरीला खुलवते? ती यातलं काहीच म्हणत नाही, ती म्हणते, "अंग उललंय, तेल लाव." मॉइश्चरायझर म्हणजे ओलावा धरून ठेवणारी वस्तू नेमकी या मधल्या जागेत बसते, आणि टॅरिफमध्ये मधली जागा नाही.

कोर्टांचे निकाल इथे दोन्ही दिशांना गेले आहेत. उंच बर्फाळ भागातल्या सैनिकांसाठी लष्कराला पुरवलेलं ओठांचं मलम 2003 च्या अल्पाइन इंडस्ट्रीजच्या निकालात प्रसाधन ठरलं, कारण ते त्वचेची काळजी घेतं, बरं करत नाही. उलट 2013 मध्ये मुंबईच्या सिएन्स लॅबोरेटरीजचं 'मॉइश्चरेक्स' औषध ठरलं. त्यात युरिया, लॅक्टिक आम्ल, प्रॉपिलीन ग्लायकॉल होतं आणि त्वचारोगतज्ज्ञ ते लिहून देत. म्हणजे बर्फात ओठ फाटू नयेत म्हणून लावलेलं प्रसाधन, आणि पाय फाटल्यावर लावलेलं औषध. मला हा तर्क पटत नाही, पण आपलं काम निकाल बदलण्याचं नाही, तो वाचण्याचं आहे.

आता सिव्हिल लाइन्समधल्या कर कार्यालयातून निघून अमरावती रोडवर लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत चला. आपली एलआयटी. खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून 1942 मध्ये उभी राहिलेली ही संस्था तेल तंत्रज्ञानासाठी ओळखली जाते. तेल तंत्रज्ञानाच्या नजरेनं तीच डबी उघडली तर भलतंच दिसतं. नाव हळदीचं आणि चंदनाचं, पण ओलावा टिकवण्याचं मुख्य काम करतो तो लेबलवर शेवटी येणारा 'क्रीम बेस'. व्हॅनिशिंग क्रीमचा बेस म्हणजे साधारणपणे स्टिअरिक आम्ल, पाणी, थोडा अल्कली आणि ग्लिसरीन. स्टिअरिक आम्ल तेल-चरबीतूनच निघतं. ग्लिसरीनही तेलाचं विघटन करताना किंवा साबण बनवताना मिळतं. म्हणजे डबीत तेल भरपूर आहे, फक्त ते तेलासारखं दिसत नाही. आणि कोर्टातली भांडणं ज्या घटकांभोवती फिरतात त्यात बेस जवळजवळ येतच नाही, कारण ग्रंथांत शोधायचं असतं ते हळदीला आणि चंदनाला.

व्हिटॅमिनचं तर आणखी मजेशीर आहे. 1929 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्यानं उंदरांना स्निग्धांश अजिबात नसलेला आहार दिला. उंदरांची कातडी कोरडी, खवलेदार झाली. लिनोलेइक आम्ल दिल्यावर सुधारली. अशा आवश्यक आम्लांना काही काळ 'व्हिटॅमिन एफ' म्हणत. लिनोलेइक हे नावच जवसाच्या लॅटिन नावावरून आलं आहे, त्या जवसावरून ज्याची चटणी आपण विदर्भात भाकरीबरोबर खातो. आज व्हिटॅमिन एफ हे नाव शास्त्रात उरलेलं नाही, ते स्निग्ध आम्ल म्हणूनच ओळखलं जातं. पण तेल आणि व्हिटॅमिन यांच्यातली रेघ किती पातळ होती ते यावरून कळतं. व्हिटॅमिन ई म्हणजे टोकोफेरॉल, तेही वनस्पती तेलांत मुळातच असतं आणि तेल खवट होऊ देत नाही.

मग या दोघांना वेगळ्या कपाटात कुणी ठेवलं? बऱ्याच अंशी कायद्यानं. औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्यात आयुर्वेदिक पेटंट औषधाची व्याख्या अशी आहे की त्यातले घटक यादीतल्या ग्रंथांच्या सूत्रांमध्ये आलेले असावेत. तीळतेल ग्रंथांत आहे. त्याच तिळातलं टोकोफेरॉल वेगळं काढून 'व्हिटॅमिन ई' असं लेबलवर मिरवायचं म्हटलं, तर ते नाव कुठल्याही संहितेत सापडणार नाही. त्यामुळे एकाच रेणूच्या दोन वाटा झाल्या. तेलाच्या पोटात राहिला तर परंपरा, बाहेर आला तर आधुनिक कॉस्मेटिक. आज दुकानात एका फळीवर 'आयुर्वेदिक' आणि दुसऱ्या फळीवर 'विथ व्हिटॅमिन ई' दिसतं. त्याला ग्राहकाची आवड कारण आहेच, पण या व्याख्येचाही वाटा आहे असं माझं मत आहे. या दिशेनं काम करण्यासारखं भरपूर आहे.

या फाइलींची मर्यादाही ओळखून ठेवा. त्यात 'सामान्य ग्राहक' पानोपानी येतो, पण तो बोलतो क्वचितच. त्याच्या वतीनं प्रतिज्ञापत्रं बोलतात, आणि ती कुठल्या तरी बाजूनं गोळा केलेली असतात. क्रीम कुणी लावलं, किती पुरवून वापरलं, सासूनं नाक मुरडलं का, यासाठी तुम्हाला मुलाखतीच घ्याव्या लागतील. जुनी मासिकं आणि त्यातल्या जाहिरातीही चाळाव्या लागतील.

सुरुवात मात्र घरबसल्या होते. सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआर पोर्टलवर फुकट वाचता येतात. आधी प्युमा घ्या, कारण तेलांची यादी तिथे आहे, मग विको, आणि मग मागे जाऊन बैद्यनाथ. वाचताना दोन रकान्यांचा तक्ता करा: घटकाचं कोर्टातलं नाव आणि रसायनशास्त्रातलं नाव. दुसऱ्या रकान्यात ज्या ओळी रिकाम्या राहतील, त्या घेऊन तेल तंत्रज्ञान शिकणाऱ्या एखाद्या मित्राला गाठा.